नानांच्या वहीतले साठ शेअर आणि खरेदी किमतीचा हिशेब

मागच्या आठवड्यात आईच्या खात्यात आयकराचा रिफंड जमा झाला, ती एंट्री टाकली आणि पहिल्यांदा शेअरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला आकडा, ब्रोकरच्या लेजरमधला, म्हणजे त्याच्याकडच्या खातेवहीतला आकडा आणि पासबुकातला आकडा तिन्ही एकाला एक जुळले. नानांचे, म्हणजे वडिलांचे, शेअर आईच्या नावावर आल्यापासून इथवर यायला जवळपास पावणेदोन वर्षं गेली. मध्ये कितीतरी वेळा वाटलं की सोडून द्यावं, कोण बघतंय. पण आपल्याकडे घराघरात अशी वडिलांची खाती आहेत, ते गेल्यावर मुलांना काही सुधरत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आम्ही अंमळनेरचे. मी नोकरीमुळे जळगावला, आई अजून गावातच. अंमळनेरमध्ये विप्रोचे शेअर म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं, गावात सांगावं लागत नाही. १९४५ मध्ये ही कंपनी इथेच सुरू झाली, तेव्हा नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, वनस्पती तूप आणि साबण करायचे. गावातल्या लोकांनी तेव्हापासून शेअर धरून ठेवले, काही घरं त्यावर उभी राहिली. आमचं तसं नाही, आम्ही फार उशिरा आलो. नाना शाळेत क्लार्क होते, २००३ मध्ये रिटायर झाले आणि ग्रॅच्युइटीतून त्यांनी साठ शेअर घेतले. फक्त साठ. पुढे कधी विकले नाहीत, नवीन घेतलेही नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये नाना गेले. डीमॅटला आई नॉमिनी होती त्यामुळे ट्रान्समिशन, म्हणजे शेअर नॉमिनीच्या नावावर करणं, तसं सरळ झालं. ट्रान्समिशनचा फॉर्म, मृत्यू दाखल्याची अटेस्टेड कॉपी, आईच्या नवीन डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद), इतकंच लागलं. आईच्या नावाने नवीन खातं उघडायलाच जास्त वेळ गेला कारण आधार आणि पॅनवर नाव थोडं वेगळं होतं, ते दुरुस्त करण्यात तीन आठवडे. कंपनीने वेळोवेळी फुकट दिलेल्या बोनस शेअरमुळे साठाचे १६०० झाले होते, ते नोव्हेंबरमध्ये आईच्या खात्यात आले. मृत्यू दाखल्याच्या दहा तरी प्रती आधीच अटेस्ट करून ठेवा, प्रत्येक ठिकाणी एक लागतेच.

शेअर आले आणि ॲपमध्ये सरासरी खरेदी किंमत शून्य. सगळी रक्कम हिरव्या रंगात, नफा म्हणून. त्या दिवशी मला ते खटकलंच नाही, आम्ही दुःखात होतो आणि शेअर आले एवढंच पुरे होतं. मग वर्षभर त्याकडे कोणी बघितलं नाही.

३ डिसेंबर २०२४ ला सकाळी आईचा फोन. शेजारच्या काकूंच्या मुलाने तिला ॲप उघडून दाखवलं होतं आणि भाव निम्म्यावर आलेला. "आर्धा पैसा कथा गया व माय?" आई घाबरली की अहिराणीवर येते. मी तिला समजावलं की एकाला एक बोनस आहे, आज भाव निम्मा दिसतो, नवे शेअर दोन-तीन दिवसांत खात्यात येतील, पैसा कुठे जात नाही. तसंच झालं, १६०० चे ३२०० झाले. पण फोन ठेवल्यावर मलाच रात्रभर झोप नाही. कारण आईने पुढे विचारलं होतं की हे आपल्याला पडले केवढ्याला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संक्रांतीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा नानांची पत्र्याची पेटी काढली. त्यात शाळेची कागदपत्रं, घरपट्टीच्या पावत्या आणि खाली लाल पुठ्ठ्याची लांब वही. मला आठवतं, लहानपणी एकदा मी त्यांची कुठली तरी पावती चुरगाळली होती तर ते ओरडले नाहीत, हाताने सरळ केली आणि म्हणाले, "हाऊ कागद जपीसन ठेव व माय." त्या वहीत एक पान शेअरचं. वर रकाने आखलेले, तारीख, नग, भाव, दलाली, एकूण. पहिली ओळ २००३ ची, नग ६०. दलालीचा आकडा पैशांसकट लिहिलेला आणि एकूणमध्ये मिळवलेला. त्याखाली लाल शाईने बोनस. २००४, बोनस १२०, एकूण १८०. २००५, बोनस १८०, एकूण ३६०. २०१०, बोनस २४०, एकूण ६००. २०१७, बोनस ६००, एकूण १२००. २०१९, बोनस ४००, एकूण १६००. शेवटच्या ओळीचं अक्षर कापरं आहे. मध्ये २०१३ ची एक बारीक नोंद होती, कंपनीने आयटी सोडून बाकीचा धंदा वेगळा काढला त्या वेळची, तिचा कागद पिन करून ठेवलेला.

मी ते पान किती वेळ हातात धरून बसले काय माहीत. जे मी सॉफ्टवेअरमध्ये करायला निघाले होते ते नाना वीस वर्षं हाताने करत होते.

सॉफ्टवेअर म्हणून मी पोर्टफोलिओ परफॉर्मन्स घेतलं. जर्मनीतलं आहे, फुकट आहे, आपल्या कॉम्प्युटरवरच चालतं आणि सगळा डेटा एका फाईलमध्ये आपल्याजवळ राहतो, ऑनलाईन कुठे लॉगिन करावं लागत नाही. आईची माहिती कुठे बाहेर जाऊ नये ही माझी पहिली अट होती. चलन रुपया निवडायचं, मग दोन प्रकारची खाती बनवायची, एक शेअर ठेवायचं आणि एक पैसे ठेवायचं. मी पैशांची दोन बनवली, आईचं बँक खातं आणि ब्रोकरचं लेजर. ब्रोकरचं लेजर वेगळं ठेवा हे मी सगळ्यांना सांगेन, कारण फी सगळी तिथूनच कापली जाते आणि बँकेच्या पासबुकात ती कधीच दिसत नाही.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. बोनस कसा टाकायचा ते कळेना, सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिटची, म्हणजे एका शेअरचे तुकडे पाडून जास्त शेअर करण्याची, सोय आहे म्हणून मी प्रत्येक बोनस स्प्लिट म्हणून टाकला. नग बरोबर आले, ३२००. सुंदर वाटलं. पण स्प्लिट केलं की जुनी खरेदी किंमत सगळ्या शेअरवर सारखी वाटली जाते, आणि आपल्याकडे टॅक्समध्ये बोनसचं तसं नसतं. बोनस शेअर हा वेगळा लॉट, त्याची तारीख वेगळी आणि त्याची खरेदी किंमत शून्य. स्प्लिट आणि बोनस दोन्हीत भाव सारखाच पडतो, चार्टवर फरक दिसत नाही, हिशेबात मात्र मोठा फरक पडतो. सगळं पुसलं आणि परत टाकलं. साठ शेअर इनबाउंड डिलिव्हरी म्हणून, नानांच्या वहीतल्या तारखेला, दलालीसकट. मग प्रत्येक बोनस वेगळी इनबाउंड डिलिव्हरी, भाव शून्य. डिलिव्हरी केली की पैशांच्या खात्यातून काही वजा होत नाही, वारसाने आलेल्या शेअरला तेच पाहिजे.

असं केल्यावर जुन्या वर्षांचा आलेख चुकीचा दिसतो, कारण नेटवरून येणारे जुने भाव बोनसप्रमाणे आधीच कमी केलेले असतात आणि नग मात्र त्या वेळचे. त्याचं मी काही केलं नाही. आजचा आकडा बरोबर आहे, मला २००६ चा आलेख बघून करायचंय काय.

फेब्रुवारीत डिव्हिडंड आला. शेअरला ६ रुपये, ३२०० शेअर, म्हणजे १९,२०० व्हायला हवे. बँकेत आले १७,२८०. मी आले तेवढे टाकले आणि पुढे गेले, दोन दिवसांनी लक्षात आलं की १,९२० रुपये टीडीएस कापलाय, १० टक्के. मग ती एंट्री सुधारली, १९,२०० डिव्हिडंड आणि टॅक्सच्या रकान्यात १,९२०. ही गोष्ट छोटी वाटते पण आलेली रक्कमच टाकत गेलं तर कापलेला टॅक्स आपण परत मागायचा विसरतो. आईचं उत्पन्न पेन्शन आणि थोडं व्याज, तिला टॅक्स बसतच नाही, ते पैसे तिचेच. तुमच्या घरात साठीच्या पुढचं कोणी असेल आणि टॅक्स बसत नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच टीडीएस कापू नका म्हणणारा फॉर्म (२०२५ मध्ये तो १५एच होता) भरून द्या, कापाकापीच होत नाही. आम्हाला ते उशिरा कळलं.

मार्चमध्ये पैशांची गरज पडली. घराचा स्लॅब गळत होता आणि आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. भाऊ पुण्याहून म्हणाला मी पाठवतो, आई म्हणाली नानांनी कशासाठी ठेवले मग. १००० शेअर विकायचं ठरलं. मी जळगावहून फोनवर, आई गावात मोबाईल डोळ्याजवळ धरून एकेक अंक ओटीपी वाचतेय, दोनदा वेळ संपली, तिसऱ्यांदा झालं. भाव पावणेतीनशेच्या आत मिळाला.

दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरची व्यवहाराची पावती, आली आणि मी ती ओळीओळीने टाकली. ब्रोकरेज, एक्स्चेंजचा चार्ज, सेबीची फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, हे सगळं फीच्या रकान्यात. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, लाखाला शंभर रुपये, तो टॅक्सच्या रकान्यात. हे वेगळं ठेवण्याचं कारण असं की ब्रोकरेज आणि बाकीचे चार्जेस कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीवरचा नफा, काढताना वजा करता येतात, एसटीटी येत नाही. एकत्र टाकलं की वर्षअखेरीस परत सगळ्या नोटा उघडून बसावं लागतं.

एवढं करूनही लेजरशी आकडा जुळेना. वीसेक रुपयांचा फरक. कॉन्ट्रॅक्ट नोट तीनदा तपासली. शेवटी लेजर डाउनलोड केलं तर विक्रीच्या नंतर एक वेगळी ओळ होती, डीपी चार्जेस. शेअर डीमॅटमधून बाहेर गेले त्याचे, ते कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये येतच नाहीत. तेव्हापासून नियम केला, नोट आणि लेजर दोन्ही बघितल्याशिवाय एंट्री बंद करायची नाही.

मग टॅक्स किती बसेल ते बघायला बसले आणि पोटात गोळा आला. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरला सरकारने सवलत दिलेली आहे, त्या दिवशीचा सगळ्यात वरचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, अर्थात विक्रीच्या भावापेक्षा जास्त नाही. २०१७ पर्यंतचे बोनस त्यात येतात, म्हणजे नानांचे १२०० शेअर. मी सॉफ्टवेअरमध्ये त्या तारखेचा भाव बघितला, शंभर ते सव्वाशेच्या मधला. त्यावर हिशेब केला तर नफा दीड लाखाच्या पुढे, सव्वा लाखाची सूट वजा जाऊन वरच्या रकमेवर १२.५ टक्के टॅक्स. आईला ऑपरेशनच्या पैशांतून टॅक्स भरावा लागणार असं मी भावाला सांगूनही मोकळी झाले.

चूक तीच होती जी आलेखात होती. तो भाव बोनसप्रमाणे कमी केलेला. २०१९ मध्ये तीनाला एक आणि २०२४ मध्ये एकाला एक असे दोन बोनस मधे झाले, त्यांनी तो जुना भाव खाली ओढलेला. त्या दिवशी बाजारात प्रत्यक्ष भाव तीनशेच्या वर होता, आणि तोच धरायचा असतो कारण २०१९ आणि २०२४ चे बोनस शेअर शून्य किमतीने वेगळे मोजले जातात. हे कळलं त्या दिवशी मे महिना, जळगावचं ऊन, दुपारी कूलरसमोर बसूनही घाम, आणि मला रडू आलं. आनंदाने म्हणा किंवा थकून म्हणा. प्रत्यक्ष भाव एक्स्चेंजच्या साईटवर त्या तारखेच्या जुन्या फाईलमध्ये मिळतो, तिथूनच घ्या, चार्टवरून अजिबात घेऊ नका.

त्यानंतर मी दोन फाईल केल्या. एक खरी, नानांच्या वहीप्रमाणे, साठ शेअर केवढ्याला पडले आणि त्याचे आज काय झाले. दुसरी टॅक्सची. तिच्यात १२०० शेअर ३१ जानेवारी २०१८ च्या प्रत्यक्ष भावाने एकाच एंट्रीत, ४०० शून्याने मार्च २०१९ मध्ये, १६०० शून्याने डिसेंबर २०२४ मध्ये. एका फाईलमध्ये दोन्ही बसवायचा मी महिनाभर प्रयत्न केला, ते बसत नाही, आणि बसवायची गरजही नाही. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या फाईलमध्ये आहे, आयकरवाल्यांच्या प्रश्नाचं दुसऱ्या.

याच काळात म्युच्युअल फंडाची भानगड. आईची महिना ५,००० ची एसआयपी होती, जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२४. युनिट गुणिले एनएव्ही (एका युनिटचा भाव) केलं की ५,००० येईना, ४,९९९.७५ यायचे. मला वाटलं राउंडिंग असेल, सोडून दिलं, आणि शेवटी बरोबर १२ रुपयांचा फरक. ४८ हप्ते, प्रत्येकी पंचवीस पैसे. जुलै २०२० पासून फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के स्टॅम्प ड्युटी लागते, ती. स्टेटमेंटमध्ये हप्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते. बारा रुपयांसाठी दोन संध्याकाळी गेल्या, पण नानांनी दलालीचे पैसे पैशांसकट लिहिले होते, मग मीही शोधून काढलेच. फंडाचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्याचा खर्च, मात्र कुठेच टाकायचा नाही, तो रोजच्या एनएव्हीतून आधीच गेलेला असतो, फी म्हणून टाकला तर दोनदा मोजला जाईल.

जूनमध्ये सीए साहेबांकडे गेले, दोन्ही फाईलींचे प्रिंट, वहीच्या पानाचा फोटो आणि एआयएस (आयकर खात्याकडे असलेल्या आईच्या व्यवहारांचा उतारा) घेऊन. त्यांनी आधी विचारलं खरेदी १ ऑक्टोबर २००४ च्या आधीची का, कारण एसटीटी त्या तारखेपासून सुरू झाला, त्यानंतरच्या खरेदीवर तो भरलेला असणं ही अट येते. आमची २००३ ची, प्रश्न मिटला. मग आईच्या डीमॅटमध्ये १६०० शेअर एकाच दिवशी आले असले तरी वडिलांची मूळ तारीखच धरायची आणि सगळ्यात जुने आधी विकले असं मानायचं, हे त्यांनी पक्कं केलं. म्हणजे विकलेले १००० त्या १२०० मधलेच. नुकताच आलेला बोनस आधी विकला असं धरलं असतं तर एक वर्षाच्या आतला, खरेदी शून्य आणि वर २० टक्के टॅक्स. नुसत्या क्रमाने किती फरक पडतो बघा.

माझ्या टॅक्सच्या फाईलमध्ये विक्रीवर तोटा दिसत होता, कारण विक्रीचा भाव तीनशेच्या खाली. मी तो तोटा पुढे ओढायचा विचार करत होते. साहेब म्हणाले, "ताई, तसं चालत नाही, तुमची प्रत्यक्ष खरेदी किती स्वस्त आहे ते बघा, इथे किंमत विक्रीच्या भावाएवढीच धरायची, नफा शून्य." त्यांची फी अडीच हजार, आणि त्यांनी वेळ दिला, माझे सगळे प्रश्न ऐकले.

त्यांच्याकडेच एक दुखरी गोष्टही कळली. नानांचं जुनं डीमॅट खातं अजून चालू होतं. ट्रान्समिशन झालं म्हणजे खातं बंद झालं असं आम्ही धरून बसलो होतो. जुन्या ब्रोकरकडून वर्षाला ३०० रुपये मेंटेनन्स आणि ५४ रुपये जीएसटी, ३५४ रुपये, दोन वर्षं चढत गेलेले, मेल नानांच्या मोबाईल नंबरवरच्या खात्याला जात होते जे कोणी उघडत नव्हतं. गेलेल्या माणसाच्या नावाने बिल येत राहावं याचं फार वाईट वाटलं. दोन फोन आणि एक पत्र, तेव्हा खातं बंद झालं, ७०८ रुपये भरून. ते मी सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याही शेअरला न जोडता नुसती खात्याची फी म्हणून टाकले. अशी वार्षिक फी खरेदी किमतीत मिळवायची नसते आणि कॅपिटल गेनमधून वजाही होत नाही, पण वर्षाला एकूण किती जातात ते दिसायला हवं म्हणून टाकायची.

आईच्या खात्याला मात्र फायदा झाला. सप्टेंबर २०२४ पासून बेसिक डीमॅट खात्याला, आतल्या शेअरची किंमत ४ लाखापर्यंत असेल तर, मेंटेनन्स शून्य आणि ४ ते १० लाखापर्यंत वर्षाला १०० रुपये. तिच्या नावावर हे एकच डीमॅट आणि रक्कम १० लाखाच्या आत, म्हणून ती त्यात बसते. आम्ही ब्रोकरला मेल करून विचारलं तेव्हा बदल झाला. तुमच्या आईवडिलांचं खातं कुठल्या प्रकारात आहे ते लेजर उघडून बघाच.

रिटर्न ऑगस्टमध्ये भरलं, आयटीआर-२, शेड्यूल ११२ए मध्ये, म्हणजे शेअरच्या नफ्याच्या तक्त्यात, एकच ओळ. टॅक्स शून्य, १,९२० चा रिफंड. मागच्या आठवड्यात तो आला.

शनिवारी पॅसेंजरने गावी गेले. आईला डोळ्याला आता नीट दिसतं, तिने स्वतः वही काढून दिली. नानांच्या २०१९ च्या ओळीखाली मी लाल पेनाने लिहिलं, २०२४, बोनस १६००, एकूण ३२००. त्याखाली निळ्याने, मार्च २०२५, विक्री १०००, शिल्लक २२००, आणि दलालीच्या रकान्यात सगळे चार्जेस, पैशांसकट. आईने पान वाळेपर्यंत उघडं ठेवलं, मग वहीत पेन ड्राईव्ह घालून पेटी लावली.